पडद्यामागचं पाणी

आत्याचं शब्दकोडं रोज सकाळी साडेसातला सुरू होतं. चहाचा कप, टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि कोड्याचा चौकोन वर येईल अशी पेपरची घट्ट घडी. गेल्या आषाढात एके दिवशी तिनं ती घडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "बघ रे, यांची छपाई किती बिघडली आहे. मधली घरं फुगलीत."

मी बघितलं. घरं सरळ होती, रेघा सरळ होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या कोड्यातही तेच. तिसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरातल्या फरशीचा सांधाही मध्येच पोटाशी वळल्यासारखा दिसला, तेव्हा छपाईचा दोष नाही हे तिच्या लक्षात आलं. मी तिला एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्या डोळ्यानं कोडं अगदी व्यवस्थित. डाव्यानं बघितलं की सातव्या ओळीचं तिसरं घर फुगायचं आणि त्याच्या शेजारच्या घरातलं अक्षर अर्धं पुसल्यासारखं व्हायचं. हे कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक. उजवा डोळा डाव्याचं काम निमूटपणे सांभाळून घेत होता, म्हणून कळलं नव्हतं.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, मोतीबिंदू असेल. वय चौऱ्याहत्तर, म्हणजे मोतीबिंदूच. पण मोतीबिंदूत जग धूसर होतं, दिव्याभोवती वलयं दिसतात. सरळ रेघ वाकडी होत नाही. रेघ वाकली, तर आपला पडदाच कुठेतरी उचलला गेला आहे असं समजायचं. डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रत्येक पेशीची जागा मेंदूनं जणू पाठ करून ठेवलेली असते. अमक्या पेशीकडून खूण आली म्हणजे अमक्या दिशेला काहीतरी आहे. त्या पेशी खालून ढकलल्या गेल्या आणि केसाच्या जाडीएवढ्या जरी हलल्या, तरी मेंदूला त्यांच्या स्थलांतराची वर्दी नसते. तो जुन्याच पत्त्यावरून चित्र जुळवतो आणि चित्र वाकतं. आत्याला दिसलेला फुगवटा म्हणजे तिच्याच पडद्यामागे उठलेल्या एका टेकडीचा नकाशा होता.

नंतर पडद्याच्या डॉक्टरांनी तिच्या हातात जो तक्ता दिला, तो काळी घरं नसलेल्या शब्दकोड्यासारखाच होता. १० सेंटिमीटरचा चौरस, त्यात ५ मिलिमीटरची घरं, मधोमध एक ठिपका. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४०च्या दशकात तो रूढ केला आणि आज जगभर तो त्यांच्याच नावानं ओळखतात. हातभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर धरला की त्याचं एकेक घर दृष्टीतला साधारण एकेक अंश व्यापतं. चष्मा लावून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. इतक्या साध्या कागदावर इतकं मोठं काम होतं याचं मला अजून नवल वाटतं.

मोतीबिंदू आपल्याला माहीत असतो, काचबिंदूही ऐकलेला असतो. पीतबिंदू हा शब्द मात्र डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदा कानावर येतो आणि माणसं दचकतात. हा आजार नव्हे. तो प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून असतो. पडद्याच्या मधोमध सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदीची जागा, तिचा मधला भाग खरोखरच पिवळसर. तो पिवळा रंग ल्युटीन आणि झियाझँथीन या दोन रंगद्रव्यांचा. दसऱ्याला दाराला लावतो त्या झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन खच्चून भरलेलं असतं. औषधाच्या गोळ्यांतलं ल्युटीनही बहुतेक झेंडूपासूनच काढतात. मक्याचा पिवळेपणा याच रंगद्रव्यांचा, आणि पालक-मेथीतही ती असतात, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेली. माणसाच्या शरीराला ती तयार करता येत नाहीत. म्हणजे ज्या जागेनं आपण बघतो, तिचा रंग आपण ताटातून उचललेला असतो.

हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या नखाएवढ्या तुकड्यातच आपल्याला खरं तपशीलवार दिसतं, बाकीचं जग अंदाजानं. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, तांदळातला खडा वेचणं, सगळं या नखाएवढ्या जागेचं काम. त्यासाठी पीतबिंदूच्या मध्यावर पडद्यात एक खळगी आहे. तिथे शंकू पेशी इतक्या दाटीनं उभ्या आहेत, की एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख मावतात. त्यांच्या वाटेत सावली पडू नये म्हणून अगदी मध्यावर पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही मज्जाव आहे. सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचा एक गोल, ज्यात एकही केशवाहिनी शिरत नाही.

मग शरीरातल्या सर्वांत भुकेल्या पेशींपैकी असलेल्या या पेशींना खायला कोण घालतं? खालून पुरवठा होतो. पडद्याच्या मागे एक काळपट थर आहे, रंगद्रव्यानं भरलेल्या पेशींचा, फरशीसारखा एकेरी बसवलेला. डॉक्टर त्याला आरपीई म्हणतात, आपण रंगद्रव्याचा थर म्हणू. त्याच्याखाली ब्रूखचं पटल, दोन ते चार मायक्रॉन जाडीचं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्याखाली कोरॉइड, रक्तवाहिन्यांचं दाट जंगल. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे ८५ टक्के या कोरॉइडमधून वाहतं. तिथला प्राणवायू आणि अन्न पटलातून वर झिरपतं, रंगद्रव्याचा थर ते पेशींपर्यंत पोचवतो आणि वरचा कचरा खाली पाठवतो.

त्या कचऱ्याची गोष्ट फार सुंदर आहे. प्रकाश टिपणारी पेशी आपल्या टोकाला चकत्यांची चळत घेऊन उभी असते. प्रकाशानं चकत्या झिजतात, म्हणून पेशी चळतीच्या बुडाशी नव्या चकत्या घडवते आणि टोकाच्या जुन्या टाकून देते. रोज साधारण दहावा हिस्सा. दहा-बारा दिवसांत सगळी चळत नवी होते. टाकलेल्या चकत्या रंगद्रव्याच्या पेशी गिळतात आणि पचवतात. एकेका पेशीच्या वाट्याला वरच्या तीसेक पेशींचं उष्टं येतं, आणि हे काम जन्मापासून मरेपर्यंत चालतं. त्यातही या पेशी सहसा विभागत नाहीत. आत्याच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तीच मंडळी कामावर होती, जी ती पाळण्यात असताना होती. दिवाळीलाही सुट्टी नाही.

इतक्या वर्षांत काहीतरी साचणारच. न पचलेलं, चरबट, प्रथिनांचं मिश्रण पटलावर छोट्या छोट्या ढिगांनी जमतं. १८५५ मध्ये डच शास्त्रज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी हे दाणे वर्णन केले, आणि त्यांना चिकटलेलं नाव आलं जर्मन खाणकामगारांच्या बोलीतून, ड्रूझन. खडकाच्या पोकळीत आतल्या बाजूनं स्फटिक लागलेले असतात, त्या पोकळीला जर्मनमध्ये ड्रूझ म्हणतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात असे स्फटिकांचे डोळे ठायी ठायी सापडतात. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतले झिओलाइटचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. डोळ्याचा पडदा तपासताना चमकणारे पिवळे कण बघून कुणाला तरी तेच आठवलं. बारीकसारीक ड्रूझन पिकत्या वयात बहुतेकांना असतात, त्यांची काळजी नसते. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे, मऊ कडांचे असले तर मात्र डॉक्टर नजर ठेवतात. वार्धक्यातल्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचा, म्हणजे आत्याच्याच आजाराचा, हा कोरडा प्रकार. बहुतेक रुग्ण इथेच राहतात. दहा-पंधरा टक्क्यांत तो ओला होतो, आणि इंजेक्शनं येण्यापूर्वी या आजारानं गेलेल्या दृष्टीचा फार मोठा वाटा या थोड्या ओल्या डोळ्यांचाच होता.

ओला म्हणजे काय, तर नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांतून गळणारं पाणी. त्या का उगवतात हे कोडं उलगडायला चाळीस वर्षं लागली. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी तर्क मांडला, की पडद्याला प्राणवायू कमी पडला की तो एखादं द्रव्य सोडत असला पाहिजे, ज्याच्या हाकेनं रक्तवाहिन्या वाढतात. त्या न सापडलेल्या द्रव्याला 'एक्स' घटक म्हणू लागले. १९८३ मध्ये बॉस्टनमध्ये हॅरोल्ड ड्वोराक यांच्या प्रयोगशाळेत गाठींतून एक प्रथिन मिळालं, जे रक्तवाहिन्यांना गळकं बनवतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिऑने फेरारा यांना रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन मिळालं. दोन्ही प्रथिनांची रचना ताडून पाहिली, तर ते एकच होतं! आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. जो रेणू नळ आणतो, तोच त्या नळाला भोकं पाडतो. मला या आजारातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. पटल जाड झालं, वरचे थर गुदमरले, त्यांनी मदतीची हाक दिली. मदत आली, पण घाईगडबडीत आलेली, कच्च्या सांध्यांची.

आणि ती कुठून आली, कुठे येऊन थांबली, यावर ओल्या आजाराचे प्रकार ठरतात. सगळा भेद पत्त्याचा आहे.

हे पत्ते दिसायला लागले ते एका रंगामुळे. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुरेसीन नावाचं द्रव्य तयार केलं. निळा प्रकाश पडला की ते पोपटी उजळतं. १८७७ मध्ये जर्मनीत याच्या दहा किलोंनी एक मोठं भांडण मिटलं. डॅन्यूब नदीचं पाणी एका जागी चुनखडीत बुडून नाहीसं होतं, ते जातं कुठे? बुडत्या पाण्यात रंग ओतला, आणि सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरवरचा आख नावाचा झरा हिरवा झाला. जमिनीखालची वाट रंगानं सांगितली. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले दोन वैद्यकीय विद्यार्थी, हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड आल्व्हिस, यांनी हाच रंग हाताच्या शिरेत टोचला आणि डोळ्याच्या पडद्यातून तो वाहताना फोटो काढले. पहिला डोळा आल्व्हिसचा. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानं लेख परत पाठवला, म्हणून तो १९६१ मध्ये रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. आता त्या तपासणीवाचून पडद्याचा दवाखाना चालत नाही. आत्याचीही केली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिची कांती हळद लावल्यासारखी होती आणि लघवी केशरी. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरली नाही.

रंगाच्या फोटोंत नव्या रक्तवाहिन्यांच्या काही जाळ्या सुरुवातीलाच लखलखीत, कडा रेखीव अशा दिसत. काही मात्र उशिरा, पुसट, डाग पडल्यासारख्या. पहिल्यांना उघड आणि दुसऱ्यांना दडलेल्या म्हणण्याची रीत पडली. असं का होतं, याचं उत्तर मायामीच्या डोनाल्ड गॅस यांनी दिलं. हा माणूस तासन्तास पडदे निरखायचा आणि मृत्यूनंतर दान मिळालेल्या डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायचा. १९९४ मध्ये त्यांनी सांगितलं, काळ्या थराच्या खाली असलेली जाळी ती पहिला प्रकार, थर ओलांडून वर आलेली ती दुसरा. काळ्या थराआडून रंग पुसट दिसणारच. हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता नावांचा नव्हता. त्या काळी शल्यविशारद अशा जाळ्या चिमट्यानं काढून बघत होते. वर असलेली जाळी सुटून येई. खालची ओढली की तिच्याबरोबर रंगद्रव्याचा थरही फाटून येई, आणि त्या जागेची नजर कायमची जाई. कुणाच्या डोळ्याला हात लावायचा आणि कुणाच्या नाही, हे ठरवण्यासाठी पत्ता हवा होता.

पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कोरॉइडमधून निघालेली जाळी पटल फोडते आणि काळ्या थराच्या खाली सपाट पसरते, गालिच्याखालून वाळवी पसरावी तशी. गालिचा जागोजागी उचलला जातो, तंबू होतो, त्यात पाणी साचतं. वरच्या पेशी अजून आपल्या जागेवर, फक्त वाकलेल्या. म्हणून इथे दृष्टी हळूहळू उतरते आणि रेघा वाकणं हीच बरेचदा पहिली खूण. या जाळ्या वर्षानुवर्षं न गळताही असू शकतात. नुकत्याच आलेल्या, रंग न टोचता रक्ताची हालचाल टिपणाऱ्या छायाचित्रणात अशा मुक्या जाळ्या दिसू लागल्या. त्याहून आश्चर्य म्हणजे, जिथे खाली अशी जाळी आहे, तिथे वरचा थर वाळून जाण्याचं प्रमाण कमी दिसतं, असं पुष्कळ डॉक्टरांचं निरीक्षण आहे. मदतीसाठी आलेली जाळी काही ठिकाणी खरोखरच मदत करत असावी.

दुसऱ्या प्रकारात थर ओलांडलेला असतो. जाळी थेट प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पायाशी, कसलाही आडपडदा नाही. म्हणून तिचं गळणं पेशींना लगेच सोसावं लागतं, नजर आठवड्यांत घसरते. तपासताना करड्या-हिरवट गोल पट्ट्यासारखी दिसते आणि रंगाच्या फोटोत पहिल्याच क्षणांत जाळीदार चमकते. वार्धक्यातल्या आजारात निव्वळ याच प्रकारची जाळी तुलनेनं कमी, बरेचदा पहिल्याच्या जोडीनं येते. मोठ्या उणे नंबरवाल्या तरुण डोळ्यांत मात्र हाच प्रकार नेहमीचा.

तिसऱ्यानं सगळ्यांना चकवलं होतं. आतापर्यंत पाणी खालून वर येत होतं. न्यूयॉर्कचे लॉरेन्स यानुझी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की काही डोळ्यांत नवी वाहिनी पडद्याच्या आतच, खोल केशवाहिन्यांच्या जाळ्यात उगवते आणि खाली, काळ्या थराच्या दिशेनं उतरते. वडाची पारंबी फांदीवरून जमिनीकडे जाते तशी. तिला पुढे तिसरा प्रकार हे नाव मिळालं. आणि इथे तो वाहिनीहीन गोल आठवा. अगदी मध्यावर केशवाहिन्याच नाहीत, म्हणून पारंबीलाही तिथे फांदी मिळत नाही. ती त्या गोलाच्या बाहेरच फुटते. या लोकांचं वय सहसा जास्त, कोरॉइड पातळ, आणि पडद्यात बारीक रक्ताचे ठिपके. इंजेक्शनांनी ही जाळी लवकर सुकते, पण नंतर ती जागा वाळत जाण्याची भीती राहते. शिवाय एका डोळ्यात झाली की दुसऱ्यातही होण्याची शक्यता बाकीच्या प्रकारांहून जास्त, म्हणून डॉक्टर तिसऱ्या प्रकाराच्या रुग्णाला दुसऱ्या डोळ्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावतात. त्यात चिडण्यासारखं काही नाही.

आणि एक नातेवाईक, जो आपल्या आशियातल्या माणसांत गोऱ्यांपेक्षा बराच जास्त भेटतो. पहिल्या प्रकारासारखीच थराखाली पसरलेली जाळी, पण तिच्या टोकांना फुगे आलेले, द्राक्षांच्या घोसासारखे. हाही यानुझी यांनीच १९८०च्या दशकात ओळखला. पॉलिपॉइडल असं त्याचं लांबलचक नाव, डॉक्टर त्याला पीसीव्ही म्हणतात. फुगे तपासताना नारिंगी-लाल गोट्यांसारखे दिसतात. त्यांची भीती अशी, की ते एकाएकी फुटू शकतात. काल पेपर वाचणाऱ्या माणसाला आज सकाळी मधोमध काळा डाग, आणि आत रक्ताचं थारोळं. फ्लुरेसीनला हे फुगे नीट दिसत नाहीत, कारण ते द्रव्य कोरॉइडच्या बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपून सगळीकडे धुकं करतं. इंडोसायनीन ग्रीन हा दुसरा रंग मात्र रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून वाहिन्यांतच राहतो, आणि त्याचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, अवरक्त, म्हणून काळा थर आणि सांडलेलं रक्त दोन्ही पार करून येतो. आपल्याकडचे पडद्याचे डॉक्टर ओला आजार दिसला की फुग्यांचा शोध घेतात, ते यासाठी. आत्याच्या डोळ्यातही शोधले. नव्हते. तिचा पहिला प्रकार, साधा.

२०२० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून शब्द ठरवले. पूर्वी सगळ्याला कोरॉइडची नवी जाळी म्हणत, पण तिसरा प्रकार कोरॉइडमधून निघतच नाही, तेव्हा ते नाव खोटं पडत होतं. आता पीतबिंदूतली नवी जाळी म्हणतात, प्रकार एक, दोन, तीन, आणि फुगेवाली ही पहिल्याचीच एक तऱ्हा. जुन्या रिपोर्टांत जुनी नावं असतील, नव्यात नवी. आजार बदललेला नसतो.

आत्याची आणखी एक तपासणी झाली. तिनं यंत्रावर हनुवटी टेकवली, तिला लाल रेघेकडे बघायला सांगितलं, आणि काही सेकंदांत संगणकाच्या पडद्यावर तिच्या डोळ्याचा उभा छेद आला. ओसीटी. बॉस्टनजवळच्या एमआयटीच्या मंडळींनी १९९१ मध्ये हे यंत्र प्रसिद्ध केलं. ते प्रकाशाचा प्रतिध्वनी ऐकतं असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येक थरावरून परतलेल्या प्रकाशाला किती वेळ लागला, यावरून मायक्रॉनच्या हिशेबात चित्र रचतं. सुई नाही, चिरफाड नाही. मला ते चित्र घाटाच्या कापलेल्या कड्यासारखं वाटलं. थरावर थर, मधोमध खिंडीसारखी ती खळगी, आणि खिंडीच्या बुडाशी, जिथे जमीन सपाट असायला हवी तिथे एक घुमट. घुमटाच्या बाजूला काळी पोकळी. "हे काळं म्हणजे पाणी," डॉक्टर म्हणाले. "आजी, तुम्हाला फुगलेलं घर दिसतं ना, ते हे."

पाण्याचेही पत्ते असतात. थराखालचं, पडद्याखालचं आणि खुद्द पडद्याच्या विणीत शिरलेलं. शेवटचं सर्वांत वाईट, कारण त्यानं पेशींमधले धागेच ताणले जातात. पडद्याखाली थोडं पाणी राहिलं तर बरेच डोळे ते सोसून घेतात. आत्याच्या विणीत पाणी नव्हतं. छपाई बिघडली म्हणून तिनं आठवडाभरात तक्रार केली, ते बरं झालं.

उपचार म्हणजे त्या हाकेला थोपवणं. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. त्यामागच्या एका मोठ्या चाचणीत महिन्याला अर्धा मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वर्षाअखेर नजर तपासायच्या तक्त्यावरच्या १५ किंवा जास्त अक्षरांची भर पडली होती, तर नुसतं इंजेक्शन दिल्यासारखं केलेल्या गटात ५ टक्क्यांना. त्याआधी लेसरनं जाळी जाळायची तर तिच्यावरचा पडदाही जळायचा. दृष्टी वाचवणं नव्हे, परत मिळवणं, हे या आजारात तोवर कुणी फारसं ऐकलं नव्हतं. २०१५ पासून याच औषधासारखं भारतात बनलेलं औषधही मिळतं. फुग्यांच्या प्रकारात काही वेळा इंजेक्शनाबरोबर थंड लेसरही वापरतात. शिरेतून दिलेलं औषध फक्त प्रकाश पडेल तिथेच जागं होतं आणि फुगे बंद करतं.

डोळ्यात सुई या शब्दांनीच माणसं गार पडतात. आत्याही पडली होती. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब, जंतुनाशकाची पिवळसर धार, पापणी उघडी ठेवणारी तारेची चिमटी, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर केसासारखी सुई. आत जातं ते ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. तिला दाब जाणवला, दुखलं नाही, आणि थोडा वेळ डोळ्यात काळे बुडबुडे तरंगताना दिसले. "संपलं?" तिनं विचारलं, तोवर परिचारिका कापूस टाकून देत होती. शेवटी डॉक्टर दोन बोटं दाखवतात, ती मोजून सांगितली की झालं.

पहिली तीन इंजेक्शनं महिन्या-महिन्यानं. मग अंतर वाढवत नेलं, सहा आठवडे, आठ आठवडे. ही वाट लांबची असते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. थेंबाचा असर ओसरतो, हाक परत सुरू होते. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडून दिलेले डोळे पुन्हा गळतात. माझे काका आत्याला दर वेळी स्कूटरवरून नेतात आणि परतताना दोघं उसाचा रस पितात. त्यामुळे वारी चुकत नाही. काकांची तंबाखू-सिगारेट आधीच सुटली होती. टाळता येण्याजोग्या कारणांत या आजाराला ओढणारं सर्वांत मोठं कारण धूम्रपान, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

गेल्या महिन्यात मीही बरोबर गेलो. संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी, आषाढातलं आणि आजचं. घुमट बसला होता. काळी पोकळी नव्हती. पण काळ्या थराखाली, पटलाच्या वर, एक बारीकशी दुहेरी रेघ तशीच होती.

"ही काय?" आत्यानं बोट लावलं.

"ती जाळी. आहे तिथेच आहे. सध्या गळत नाही."

"काढणार नाही?"

"नाही आजी. ती गप्प आहे तोवर तिला राहू द्यायचं. कदाचित तुमच्या वरच्या पेशींना तिचा आधारही होत असेल."

आत्या त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर तिनं सकाळचा अर्धवट राहिलेला पेपर घेतला, उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि कोड्यावर वाकली.

"सातव्या ओळीचं तिसरं घर अजून किंचित तिरकं आहे," ती म्हणाली, आणि पेन्सिलीनं त्याच घरात अक्षर भरलं.